पाळत काढायची सीडी

वसंतरावांना कॉम्प्युटर येतो, असं वसंतरावांचं मत होतं. बँकेच्या शाखेत कॉम्प्युटर बसले तेव्हा त्यांना आठवडाभर बडोद्याला प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. तिथून ते एक चामडी फोल्डर आणि 'सिस्टिम' हा शब्द घेऊन परतले. त्यानंतर घरात काहीच नुसतं बिघडेना; त्याची सिस्टिम बिघडू लागली. मिक्सरची सिस्टिम, मोरीच्या नळाची सिस्टिम, वंदनाबाईंच्या धाकट्या भावाच्या संसाराची सिस्टिम. दुरुस्त मात्र एकही होत नसे. मिक्सर शेवटी दुकानात जायचा आणि भाऊ आपल्या नशिबावर सोडला जायचा.

वंदनाबाई सुरतेत लिंबायतला महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायच्या. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या खानदेशी माणसांची पोरं गोडादऱ्याहून चालत त्यांच्या वर्गात यायची. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. ज्याचा गृहपाठ झालेला नसतो, तोच पोरगा वर्गात सगळ्यात जास्त बोलतो. शाळेत अशा पोराला त्या नुसत्या नजरेनं खाली बसवत. घरी तशी सोय नव्हती. म्हणून त्या ऐकून घेत, मान हलवत, आणि मनातल्या मनात शेरा मारून पुढच्या कामाला लागत. बाहेरच्यांना त्यांचा संसार फार समाधानाचा वाटे. बाबुराव तर म्हणायचे, "वहिनींसारखी शांत बाई मी उधन्यात दुसरी पाहिली नाही." बाबुराव म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले शेजारी. त्यांच्याबद्दलही वंदनाबाईंचा शेरा तयार होता: निरीक्षण कच्चं.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत घरी कॉम्प्युटर आला. मुलगी नेहा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, तिच्यासाठी. वसंतरावांनी तो हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पहिल्या नजरेत भरेल असा मांडला, आणि मार्केटमधून आणलेल्या चकचकीत साटीनच्या तुकड्याचं त्याला कव्हर शिवून घेतलं. संक्रांतीच्या सुमाराला इंटरनेटही आलं. नेहानं आईला मेल लिहायला शिकवलं आणि वंदनाबाईंना त्याची गोडी लागली. त्यांची थोरली बहीण प्रमिलाताई मस्कतला होती. रविवारी दुपारी वसंतराव घोरत पडले, की वंदनाबाई कॉम्प्युटरसमोर बसत आणि इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत ताईला लांबच लांब पत्र लिहीत. आतापर्यंत मनात मारलेले सगळे शेरे त्या पत्रांत उतरत होते. लिहून झालं, की त्यांना आंघोळ केल्यासारखं वाटे.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये एका संध्याकाळी नेहा भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, माझ्या मेल कोणीतरी उघडून बघतंय."

"म्हणजे?"

"न वाचलेली मेल ठळक अक्षरांत दिसते ना? जयश्रीच्या मेल मी उघडायच्या आधीच उघडलेल्या असतात. म्हणजे माझा पासवर्ड कोणाला तरी माहीत आहे. जयश्री म्हणते, असे हेरगिरीचे प्रोग्राम असतात. कॉम्प्युटरमध्ये लपून बसतात आणि आपण दाबू ते प्रत्येक अक्षर नोंदवून ठेवतात. ते शोधून काढणारं सॉफ्टवेअर घ्यायला हवं."

जयश्री ही नेहाची शाळेपासूनची, एक वर्ष पुढे असलेली मैत्रीण. ती पुण्याला एम.सी.ए. करत होती. नेहालाही तिकडेच जायचं होतं. प्रवेशपरीक्षा तिनं गुपचूप देऊन टाकली होती. ही गोष्ट तिनं आईला सांगितली होती आणि वडिलांना निकाल लागल्यावर सांगायचं ठरलं होतं. त्यामुळे कोणी परका हे सगळं वाचतोय म्हटल्यावर पोरगी धास्तावली होती.

जेवताना विषय निघाला. वसंतरावांचा घास क्षणभर हातातच राहिला. मग त्यांनी तो सावकाश खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हा विषय गंभीर आहे. घाईनं निर्णय घ्यायचा नाही. मी अभ्यास करतो."

अभ्यास दोन आठवडे चालला. बँकेतून येताना ते जाहिरातींची पत्रकं आणत, इंग्रजी मासिकं आणत, आणि चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन लाल पेन्सिलीनं खुणा करत. एप्रिलमध्ये एका व्हायरसनं ठरल्या तारखेला उठून लोकांचे कॉम्प्युटर पार बसवले होते, तेव्हापासून प्रत्येक माणसाला या विषयातलं काहीतरी कळत होतं. बाबुरावांना सगळ्यात जास्त कळत होतं.

"वसंतभाई, हा प्रकार टेलिफोनच्या वायरीतून येतो," ते खुर्चीत मांडी घालून म्हणाले. "रेल्वेत आमच्या कंट्रोलच्या लाइनवर असंच व्हायचं. काम झालं की वायर उपटून ठेवायची. घुसणार कुठून?"

"तसं नसतं बाबुराव. याची सिस्टिम वेगळी असते," वसंतराव म्हणाले. "एक व्हायरस असतो, एक वर्म असतो आणि एक ट्रोजन असतो."

"तिन्हींत फरक काय?" वंदनाबाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

"तुला नाही कळायचं ते."

त्यांनाही कळलेलं नव्हतं, हे वंदनाबाईंना त्या उत्तरातच कळलं. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

शेवटी एका रविवारी वसंतरावांनी निकाल दिला. बँकेत जे व्हायरसचं सॉफ्टवेअर आहे तेच आपल्याकडे आहे, ते उत्तम आहे, बाकी सगळे पैसे उकळायचे धंदे आहेत. नवीन काही घ्यायची गरज नाही. "आणि नेहा, मेल उघडलेली दिसते तो सर्व्हरचा दोष. हा परदेशातला प्रश्न आहे, आपल्या हातातला नाही."

नेहाचा पडलेला चेहरा वंदनाबाईंनी पाहिला आणि त्यांच्या मनात आलं, पंधरा दिवस अभ्यास करून पोरगा कोरा पेपर ठेवून आला. आता आपणच बघायला हवं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या रिक्षानं उधना तीन रस्त्याला उतरल्या. तिथं कुंदनचं दुकान होतं. कुंदन त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याचा बाप, उखा, लूमवर मास्तर होता. पोरगा मात्र लूमच्या वाऱ्यालाही उभा न राहता कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक झाला होता, आणि वसंतरावांचा कॉम्प्युटर त्यानंच दिला होता. सातवीत असताना सहामाहीला बाकाखालून कॉपी करताना वंदनाबाईंनी त्याला पकडलं होतं. तेव्हा तो रडला नव्हता. समोरच्या पोराचं उत्तर चुकीचं होतं म्हणून चिडला होता.

"बाई! या, या. बसा ना," कुंदननं स्टूल पुसलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "माय, आत्ते नही, मंग बोलसू," असं आईला अहिराणीत सांगून त्यानं फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं हसू परत तोंडावर आणलं. "बोला बाई, काय सेवा?"

"कॉम्प्युटरमध्ये पाळत ठेवणारा प्रोग्राम घुसला असेल, तर तो शोधून काढणारं काही आहे का तुझ्याकडे?"

"आहे ना. एकदम सरस." त्यानं काउंटरवर दोन गुळगुळीत खोकी मांडली. एकावर ढाल होती, दुसऱ्यावर कुलूप. "हे अमेरिकेचं. हे इंडियन, पण काम तेच. आजकाल कोणीही घुसतंय बाई, टाइम लई खराब आहे."

"दोन्हींत चांगलं कुठलं?"

"दोन्ही चांगले."

"कुंदन, चांगलं कुठलं?"

आवाज वर्गातला होता. कुंदन चुळबुळला. खोक्यांवर बोटं वाजवत उभा राहिला आणि मग एकदम हसून म्हणाला, "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? साहेबांनी सांगितलं असतं तर मीच घरी येऊन काढून दिलं असतं. टाकलंय मीच, काढायला उगाच खोकं कशाला विकत घेता?"

"काय टाकलंयस तू?"

"तेच. पाळतीचं." बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. "म्हणजे… साहेबांनी तुम्हाला… मला वाटलं, आता काम झालं असेल, म्हणून काढायला पाठवलं असेल."

दुकानाबाहेर कापडाचे ताके लादलेला टेम्पो हॉर्न वाजवत अडकला होता. तो कसाबसा पुढे सरकला.

"कधी?" वंदनाबाईंनी विचारलं.

"फेब्रुवारीत. तुम्ही शाळेत होता, नेहाबेन कॉलेजात. साहेब म्हणाले, मुलगी मोठी झाली, जग वाईट आहे, बापाला माहिती पाहिजे. मी म्हटलं, बरोबर आहे. आपल्या भागात बऱ्याच घरी मी टाकून दिलंय, बाई. सगळे बापच येतात."

"आणि मग त्याच घरांना काढायची खोकी विकतोस."

"मागितलं तर देतो. धंदा आहे."

"रोगही तुझाच, औषधही तुझंच."

"दवाखाना तरी वेगळा कुठं असतो, बाई?" कुंदन म्हणाला, आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

वंदनाबाईंना त्याचा राग यायला हवा होता, पण तो आलाच नाही. झुरळावर कोणी रागावत नाही. त्यांच्या डोक्यात वसंतरावांचे ते पंधरा दिवस फिरत होते. ती मासिकं, ती लाल पेन्सिल, 'हा विषय गंभीर आहे'. चोरानंच पंचनामा करायला बसावं, वर बाबुरावांना चहा पाजावा! आणि जेवताना मधूनच निघणारी ती पुण्याची निंदा. पुण्यात पाण्याचे हाल आहेत, पुण्याच्या कॉलेजांत दम राहिला नाही, पुण्यात मुलींनी राहायचे दिवस गेले. पोरीनं तोंड उघडायच्या आधीच उत्तर तयार होतं, कारण प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली होती.

"ते फक्त नेहाचं नोंदवतं का?" त्यांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं होतं.

"नाही ना. त्याला काय कळतं कोण बसलंय? जो बोट लावेल त्याचं सगळं."

वंदनाबाई स्टुलावर बसल्या.

रविवारच्या दुपारी त्यांनी ताईला काय काय लिहिलं होतं! हे ऐकत नाहीत, आपली पाळी येईपर्यंत नुसते थांबतात. बशीत ओतून चहा पितात तेव्हा शेजारच्या घरात ऐकू जातं. माझे बाबा गेले त्या दिवशी ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, की मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती काढायच्या. त्यानंतर बाबांबद्दल एक शब्द कधी विचारला नाही. हे माझ्या वर्गात असते, तर मी ह्यांना दया करून वर चढवलं असतं.

मग त्यांना आठवलं. मार्चमध्ये कधीतरी वसंतरावांनी बशी सोडली होती. "ॲसिडिटी होते," म्हणाले होते. आणि एप्रिलमध्ये एका संध्याकाळी, काही कारण नसताना, त्यांनी विचारलं होतं, "अगं, तुझे बाबा पहाटे उठून मोठ्यानं काहीतरी म्हणायचे ना? काय म्हणायचे?" वंदनाबाईंना तेव्हा भरून आलं होतं. त्या स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत उभ्या राहिल्या होत्या. त्या रविवारी ताईला लिहिलं होतं, माणूस सुधारतोय बहुतेक.

तेही त्यांनी वाचलं असणार.

म्हणजे सुधारणा वगैरे काही नव्हतीच. बाकाखाली वही उघडून पोरगा पास होत होता, आणि बाई वर त्याचं कौतुक करत होत्या. अंगावर पाल पडावी तसे वंदनाबाईंनी खांदे झटकले.

"कुंदन, आता खरं सांग. तू टाकलेलं ते सापडेल, असं यातलं कुठलं?"

"खरं सांगू? ही दोन्ही खोकी नाही पकडणार. ती व्हायरस पकडतात. पाळतीचं सॉफ्टवेअर हे मालकानंच घातलंय असं त्यांना वाटतं, म्हणून त्याच्या वाटेला जात नाहीत." त्यानं खणातून साध्या पांढऱ्या पाकिटातली एक सीडी काढली. "हे पकडतं. पण हे कोणी घेत नाही. खोकं नाही ना याला."

"हेच दे. आणि साहेबांना फोन करायचा नाही."

"नाही बाई."

"कुंदन."

"आईशप्पथ नाही, बाई."

आठवडाभर त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. वसंतराव बातम्या ऐकून कारगिलच्या लढाईवर मतं देत होते, सैन्याची सिस्टिम समजावत होते. वंदनाबाई पोळ्या वाढत होत्या आणि त्यांच्याकडे बघत होत्या. हा माणूस रोज संध्याकाळी बायको देवापाशी दिवा लावते तेवढ्या वेळात कॉम्प्युटरवर 'बँकेचं काम' करतो. पाच महिने पाळत ठेवून याला मिळालं काय? जयश्रीच्या मेसमधली पातळ आमटी, नेहानं कापायचे ठरवलेले केस, आणि स्वतःची लक्षणं. एक पोरगा नाही, एक भानगड नाही. एवढ्यावर शहाण्या माणसानं लाजून ते बंद केलं असतं. यांनी अभ्यास चालू ठेवला.

रविवारी सकाळी बाबुराव चहाला येऊन बसले होते. वंदनाबाईंनी पांढरं पाकीट वसंतरावांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

"पाळत शोधून काढायचं सॉफ्टवेअर. कुंदनकडून आणलं. लावा."

नेहा आतून धावतच आली. "आई! तू आणलंस?"

वसंतरावांनी पाकीट उलटसुलट केलं. "याला खोकं नाही. कंपनी कोणती, माहीत नाही. असलं काही घातलं तर विंडोज उडेल."

"उडू दे."

"अगं, कॉम्प्युटर मंद होतो याच्यानं."

"तुम्हीच म्हणाला होता, आपला फार वेगवान आहे."

"कुंदन म्हणजे एक नंबरचा लबाड. त्याच्या वस्तूचा भरवसा काय?"

"कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेतलाय," वंदनाबाई म्हणाल्या.

वसंतरावांनी बायकोकडे पाहिलं. मग आणखी एकदा पाहिलं, आणि यावेळी जरा जास्त वेळ. वर्गातलं पोर आपण पकडलो गेलो हे कळून चुकल्यावर बघतं, तसं. त्या नजरेत विनवणी होती. ती वंदनाबाईंना स्वच्छ वाचता आली आणि त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली.

"नेहा, लाव," त्या म्हणाल्या.

नेहानं सीडी आत सरकवली. यंत्र घरघरलं. पडद्यावर एक निळी पट्टी सावकाश भरत गेली. बाबुराव पुढे वाकून तिच्याकडे क्रिकेटचा सामना बघावा तसे बघत होते. पट्टी भरत आली, टुणकन आवाज झाला आणि लाल अक्षरांत एक ओळ उमटली.

"सापडलं!" नेहा ओरडली. मग तिनं खालचा मजकूर वाचला आणि तिचा आवाज उतरला. "हे बाहेरून आलेलं नाही. कोणीतरी घरात, इथं बसून टाकलंय. फेब्रुवारीत."

"मी म्हणत होतो, टेलिफोनची वायर–" बाबुराव म्हणाले.

"कुंदन!" वसंतराव ताडकन उठले. "त्या हरामखोराचंच काम आहे हे. दुरुस्तीला आला असेल आणि टाकून गेला. उद्याच्या उद्या पोलिसात देतो त्याला. गरिबाचा पोरगा म्हणून आपण त्याच्याकडून घेतलं, आणि हे फळ!"

आतापर्यंत वंदनाबाईंच्या मनात कुठंतरी एक बारीक आशा होती, की माणूस निदान गप्प बसेल. गप्प बसला असता, तरी त्यांनी बाबुराव गेल्यावर बोलायचं ठरवलं होतं. आता त्या थांबल्या नाहीत.

"कुंदननंच टाकलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यावरून."

बाबुरावांनी कप खाली ठेवला. "मी… येतो नंतर," म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चहा अर्धा टाकून गेले.

नेहा वडिलांकडे बघत राहिली. वसंतराव काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली होती. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिनं माउस हातात घेतला, लाल ओळीवर नेला आणि ती काढून टाकली. मग आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. ते हळूच लावलेलं दार वसंतरावांना जास्त लागलं असावं, कारण ते खालीच बसले.

दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. वंदनाबाई कणीक मळत होत्या.

"काळजीपोटी केलं गं. बाप आहे मी."

"काळजी होती तर तिला विचारायचं होतं."

"विचारून खरं सांगतात का मुली?"

"न विचारता कसं कळणार?" वंदनाबाईंनी कणकेचा गोळा उलटा टाकला. "बरं, तिची काळजी. आणि माझी पत्रं?"

वसंतराव बराच वेळ चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिले.

"ती वाचायची नव्हती. समोर आली. पहिलं वाचलं तेव्हा इतका संताप आला, की वाटलं मशीनच बाहेर फेकावं. पण मग दर सोमवारी…" ते थांबले. "तू मला कधी काही म्हणतच नाहीस. बाबुराव म्हणतात, वहिनी किती शांत. मलाही तेच वाटायचं. तिथं सगळं लिहिलेलं असायचं. मला असं वाटायला लागलं, की तू मलाच सांगतेयस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

वंदनाबाईंचे हात कणकेत थांबले. हे वाक्य कुठल्या पत्रकातलं नव्हतं, मासिकातलंही नव्हतं, एवढं त्यांना कळलं. एक क्षण त्यांच्या मनात आलं, की खरंच, हे सगळं मी मस्कतला का कळवत बसले? इथं, या दारात उभ्या असलेल्या माणसाला एकदा तरी का म्हटलं नाही? पण लगेच उत्तरही आलं. म्हटलं असतं, तर यांनी मध्येच तोडून सिस्टिम समजावली असती.

"मी तुम्हाला सांगत नव्हते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"बशी सोडलीत, बाबांची चौकशी केलीत. मला वाटलं, माणसाला आपण होऊन सुचलं. मी रडले होते त्या दिवशी."

"ते वाचून मला बरं वाटलं होतं," वसंतराव म्हणाले.

त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं, आणि ते सांगण्यात काही चुकतंय हे त्यांच्या ध्यानातही येत नव्हतं. वंदनाबाईंना हसावं का रडावं कळेना. त्यांनी परात उचलली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

नेहाचा निकाल लागला, पुण्याला प्रवेश मिळाला. तिनं वडिलांना विचारलं नाही, सांगितलं. वसंतरावांनी अर्जावर जिथं दाखवलं तिथं सही केली. पाण्याचे हाल किंवा कॉलेजांचा दम यांतलं काही बोलले नाहीत. ऑगस्टमध्ये ते तिला स्टेशनवर सोडायला गेले, दोन्ही बॅगा स्वतः उचलल्या, खिडकीत थर्मास दिला. गाडी हलताना नेहा म्हणाली, "पोचले की आईला फोन करीन." वसंतरावांनी मान हलवली आणि पार डबा दिसेनासा होईपर्यंत हात वर धरून ठेवला.

मग एका रविवारी, दुपारी झोपायच्या वेळेला, ते आपण होऊन कॉम्प्युटरसमोर बसले. दोन बोटांनी टकटक करत दुपारभर काहीतरी लिहीत राहिले. वंदनाबाई आतल्या खोलीत चाचणीचे पेपर तपासत होत्या. ताईला त्या आता शाळेतून येताना परदेशी टपालाचं पत्र घेऊन हातानं लिहायच्या आणि स्वतः पेटीत टाकायच्या.

"वंदना, जरा बघतेस का? नेहाला लिहिलंय. वाचून सांग."

"दुसऱ्याचं लिहिलेलं मी वाचत नाही."

गप्प राहणं वसंतरावांना जमत नसे. थोड्या वेळानं त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चिरंजीव नेहा, खोलीला दोन कुलपं असावीत, एक आतून व एक बाहेरून. कुलूप सात लिव्हरचं घ्यावं. रात्रीचा प्रवास टाळावा. पावसाळ्यात पाणी उकळून प्यावं. मेसवाल्याची सिस्टिम आधी समजून घ्यावी. असं बरंच होतं. वंदनाबाई पेपर तपासत राहिल्या. सगळ्यात शेवटी वसंतरावांचा आवाज खाली आला. 'मी तुझी पत्रं वाचली ते वाईट केलं. काळजी वगैरे नंतर सुचलेलं आहे. आधी फक्त वाचावंसं वाटलं.'

वंदनाबाईंचं लाल पेन थांबलं.

"शेवटचं तेवढं ठेवा," त्या हॉलकडे न बघता म्हणाल्या. "बाकीचं काढून टाका."

"सगळं?"

"सगळं."

"पण कुलपाचं महत्त्वाचं आहे गं."

वंदनाबाईंनी पुढचा पेपर ओढला. हॉलमध्ये पुन्हा टकटक सुरू झाली, आणि बराच वेळ चालली.

बुधवारी नेहाचा फोन आला. मेस ठीक आहे, पाऊस फार आहे, जयश्रीला सर्दी झालीय. मग म्हणाली, "बाबांची मेल आली होती."

"काय लिहिलंय?"

"कुलपाबद्दल बरंच आहे."

"आणि?"

पलीकडे कोणीतरी बूथचं दार वाजवत होतं. नेहा त्याला "एक मिनिट" म्हणाली.

"आणि शेवटी आहे थोडं. त्याचं काय करायचं, ते मी अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "आई, तू जेवलीस का?"